लव्हाळ्यांच्या टोपलीतली भाषा

नूला नी गोनल यांची कविता मी वाचली ती इंग्रजी अनुवादांतून. त्या मात्र कविता आयरिशमध्येच लिहितात. १९५२ साली इंग्लंडात जन्म. पाचव्या वर्षी त्यांना आयर्लंडमधल्या केरी परगण्यात, आयरिशभाषक मुलखात, नातेवाइकांकडे ठेवले गेले. लोककथा आणि परीकथांतल्या स्त्रिया त्यांच्या कवितेत आल्या, त्या या मुलखातून.

१९३७च्या संविधानाने आयरिशला पहिली राजभाषा ठरवले; व्यवहार बहुतांशी इंग्रजीतच राहिला. म्हणून नूलांच्या ‘फेरोज डॉटर’ (१९९०) या द्वैभाषिक संग्रहात शेमस हीनी, पॉल मल्डून यांच्यासह तेरा कवींचे इंग्रजी अनुवाद आहेत. समोरासमोरच्या पानांपैकी बहुतेक आयरिश वाचकांचीही नजर इंग्रजी पानावरच स्थिरावणार, हा यातला धोका.

संग्रहाचे नाव ज्या कवितेवरून आले, तिच्यात भाषेवरची आशा मोझेसच्या टोपलीसारखी पाण्यावर सोडलेली आहे. बायबलमधले ते बाळ जगते, पण राजवाड्यात परके होऊन वाढते. मला महत्त्वाचा वाटतो तो कथेचा पुढचा भाग: त्याला दूध पाजायला दाई म्हणून येते ती त्याची सख्खी आईच. नूलांच्या इंग्रजी अनुवादांमागे आयरिश उभी आहे ती अशी.