नजरेवर हाताचं काम

डोळ्यांनी संगणक चालवण्याचे प्रयोग सुरू होऊन चाळीसहून अधिक वर्षं लोटली. १९८१ मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी एका मोठ्या पडद्यावर अनेक चित्रफिती एकदम चालू ठेवल्या. पाहणाऱ्याची नजर जिच्यावर स्थिरावेल तिचाच आवाज ऐकू यायचा. तंत्र साधारण आजचंच. डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकला की पारपटलावर एक चकाकता ठिपका उमटतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका फारसा हलत नाही. दोहोंमधल्या अंतरावरून नजरेची दिशा काढायची.

खरी अडचण वेगळीच होती, आणि १९९० मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट जेकब यांनी तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. डोळा पाहण्यासाठी आहे. वाचतानाही तो सेकंदाला तीन-चार उड्या मारतो. नजर पडेल ते बटण दाबलं जाऊ लागलं, तर माणसाला नुसतं बघायचीही चोरी! हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या, ग्रीक कथेतल्या मिडास राजाच्या स्पर्शाचं नाव या अडचणीला कायमचं चिकटलं. उतारा निघाला तो असा, की नजर एका जागी क्षणभर ठरली तरच निवड धरायची.

या ठरलेल्या नजरेवर किती जणांचं बोलणं अवलंबून आहे! लॉस एंजेलिसचा ग्रॅफिटी चित्रकार टेम्प्ट वन एएलएस या मज्जाविकाराने डोळे सोडून पूर्ण जखडला गेला. २००९ मध्ये काही कलावंतांनी स्वस्त चष्म्याच्या फ्रेमवर प्लेस्टेशनचा कॅमेरा बसवून त्याला ‘आयरायटर’ करून दिला, आणि तो अंथरुणातून पुन्हा चित्रं काढू लागला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

२०२४ मध्ये अ‍ॅपलचा व्हिजन प्रो हेडसेट आला. त्यात नजरेने निवडायचं आणि बोटांच्या चिमटीने होकार द्यायचा. मिडासचा पेच इतक्या सहज सुटलेला पाहून आनंदच होतो. पण ज्याची बोटं हलत नाहीत, त्याला आजही बहुतेकदा नजर रोखून थांबावं लागतं. त्याच वर्षी आयफोनच्या साध्या पुढच्या कॅमेऱ्यावर नजरेने फोन चालवायची सोय आली, तीही याच थांबण्यावर चालते. मराठी लिहिताना हे थांबणं आणखी जाणवतं. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर ‘स्त्री’ एकेक चिन्ह जोडत लिहायचं तर सहा कळा, म्हणजे सहा वेळा थांबणं. म्हणून मराठीत पुढचा शब्द अचूक सुचवणारा कळफलक या माणसांना नव्या हेडसेटपेक्षा आधी हवा आहे.