'किबाकी तोशा!'

केनियाचे माजी पंतप्रधान रैला ओडिंगा आयुर्वेदिक उपचारांसाठी केरळात आले होते. तेथेच १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी फिरावयास गेले असता ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. ती बातमी वाचताच मला त्यांचे दोन शब्द आठवले : 'किबाकी तोशा!' स्वाहिलीत याचा अर्थ, 'किबाकी पुरेसे आहेत!' या दोन शब्दांनी ३९ वर्षांची सत्ता हलविली, असे सांगितले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. पण हकीकत ऐका.

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला, तेव्हापासून राज्य 'कानू' पक्षाचे. १९९१ च्या अखेरीस विरोधी पक्षांवरील बंदी उठली खरी. पण १९९२ च्या निवडणुकीत प्रत्येक विरोधी पुढाऱ्याला राष्ट्राध्यक्षपदाची माळ आपल्याच गळ्यात हवी होती. परिणामी डॅनियल अराप मोई यांना अवघी ३६ टक्क्यांच्या आसपास मते पडली, तरी निवडून आले तेच! १९९७ सालीही तीच गत. घरच्यांच्या भांडणात शेजाऱ्याने ताट पळवावे, तसे झाले.

२००२ साली मोईंना घटनेप्रमाणे पुन्हा उभे राहता येत नव्हते. त्यांनी पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव उहुरू केनयाटा यांना पुढे केले. त्याच वर्षी कानूत सामील झालेले ओडिंगा रुसून बाहेर पडले. आता ते स्वतःच उभे राहणार, असा पुष्कळांचा होरा होता. पण ऑक्टोबरात नैरोबीच्या उहुरू पार्कमधील प्रचंड सभेत त्यांनी म्वाई किबाकींचे नाव घेतले आणि विरोधकांची 'राष्ट्रीय इंद्रधनुष्य आघाडी' उभी राहिली.

डिसेंबरच्या आरंभी किबाकी मोटार अपघातात जायबंदी होऊन लंडनच्या इस्पितळात पडले. प्रचाराची धुरा ओडिंगांनी वाहिली. यंदा मतमोजणीही मतदानकेंद्रांवरच व्हावयाची होती. त्यामुळे वाटेत पेट्या बदलण्याची भीती कमी झाली. २७ डिसेंबरच्या मतदानात किबाकींना सुमारे ६२ टक्के मते मिळाली आणि पायाला प्लास्टर असताना, चाकाच्या खुर्चीत बसूनच त्यांनी शपथ घेतली. जानेवारी २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत झाले. पुढल्या वर्षी ८४ वर्षांचे किमानी मारुगे चिमुकल्यांच्या शेजारी पहिलीच्या वर्गात येऊन बसले!

येथे गोष्ट संपती तर किती बरे झाले असते! पण निवडणुकीपूर्वी एक लेखी समझोता झाला होता. मंत्रिपदांची समान वाटणी आणि नव्या घटनेनंतर ओडिंगांना पंतप्रधानपद मिळावयाचे होते, असे त्यांच्या गटाचे म्हणणे. सत्ता येताच तो कागद बासनात गेला. २००५ साली नव्या घटनेवर सार्वमत झाले, तेव्हा होकाराचे चिन्ह केळे आणि नकाराचे संत्रे होते. ओडिंगांनी संत्रे उचलले आणि सरकार हरले. २००७ ची निवडणूक हे दोघे जुने सोबती एकमेकांविरुद्ध लढले. निकालाच्या वादातून उसळलेल्या दंगलींत अकराशेंहून अधिक माणसे मेली, लाखो बेघर झाली.

अखेर कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली आणि एप्रिल २००८ मध्ये ओडिंगा पंतप्रधान झाले. कागदावर जे ठरले होते ते मिळाले; पण त्याची किंमत किती घरांनी मोजली! राष्ट्राध्यक्षपदासाठी ते एकूण पाच वेळा लढले. त्यांच्या दोन शब्दांनी दुसऱ्याला त्या खुर्चीवर बसविले. त्यांना स्वतःला मात्र ती कधीच लाभली नाही.