पॉइंट थ्री मिलिव्होल्ट

तंबोरा ऐकू आला, म्हणून मी गेले.

सदाशिव पेठेत मैत्रिणीच्या घरी तिच्या वडिलांनी किशोरीताईंचा भूप लावला होता. ही एलपी मी कॅसेटवर, मग सीडीवर, मग फोनवर कितीदा तरी ऐकली आहे. दरवेळी तंबोरा म्हणजे गाण्यामागची एक धूसर गुणगुण. त्या दिवशी पंचमाची तार वेगळी ऐकू आली, जोडाच्या तारा वेगळ्या, आणि खर्ज छेडल्यावर त्याच्या जवारीतून वरचे स्वर एकेक करून सुटताना स्पष्ट कळले. गाणं सुरू झालं तरी माझं लक्ष तिथेच राहिलं.

"हे कुठून आणलंत, काका?" मी विचारलं.

"आणलं नाही, मास्तरांनी केलंय," ते म्हणाले. "रविवारी ये. नवा कार्ट्रिज बसवायचाय, मास्तर येणार आहेत."

काका निवृत्त स्थापत्य अभियंते. तीस वर्षं ते हा नाद जोपासत आहेत. दर काही वर्षांनी जुना ॲम्प विकायचा, त्यात भर घालून मोठा घ्यायचा, स्पीकर बदलायचे, पुन्हा समाधान नाही. मास्तर त्यांना उशिरा भेटले. मास्तर साठीचे आहेत. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पोरगेले असताना लागले, पुढे टेपरेकॉर्डर, टीव्ही, सगळं केलं आणि आता फक्त व्हॉल्व्हचे ॲम्प आणि टर्नटेबल करतात. नारायण पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची खोली आहे. रविवारच्या आधी मी तिथेही जाऊन आले.

दारातच राळेचा वास आला. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते. तार तापली की राळ आधी वितळते, धातूवरचा गंज खाते, मग कथील-शिसं तिथे चिकटतं. सारंगीवाले आणि व्हायोलिनवाले गजाला लावतात तीही राळच. मास्तरांच्या खोलीत तो वास भिंतींत मुरलाय, त्यांच्या शर्टाला आहे, त्यांनी दिलेल्या चहाच्या कपालाही असावा असं वाटलं. नंतर कित्येक दिवस कुठेही काही डिंकासारखं जळकं-गोड हुंगलं की मला ती खोली आठवायची.

टेबलावर काकांचा ॲम्प उलटा पडला होता. आत एकही छापील पट्टी नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातानं ओढलेली तार, प्रत्येक वळण काटकोनात. वर चार ईएल-३४ व्हॉल्व्ह बसतात. त्यांना चारशे व्होल्ट लागतात आणि ॲम्प बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते व्होल्ट बराच वेळ राहतात. मास्तरांनी एका रेझिस्टरची दोन टोकं कपॅसिटरला टेकवली, मीटर शून्यावर येईपर्यंत धरली, आणि तरीही डावा हात पाठीमागे घेतला तो काम संपेपर्यंत तिथेच. "दोन्ही हात आत गेले की करंट छातीतून जातो. वस्तादांनी पहिल्या दिवशी हे शिकवलं, बाकी सगळं नंतर," ते म्हणाले. चाळीस वर्षांनंतरही हात आपोआप मागे जातो. मला त्या हाताबद्दल फार आदर वाटला.

कपॅसिटर बदलले, बायस मीटरवर सारखा केला, झाकण लावलं.

काकांचा टर्नटेबल गॅरार्ड ४०१ आहे. इंग्लंडमध्ये स्विंडनला बनलेला, १९६५ साली बाजारात आलेला. त्यात मोटर आणि वरची जड थाळी यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. ते फिरतं म्हणून थाळी फिरते. रबर एका जागी चेपलं तर प्रत्येक फेऱ्याला धडधड ऐकू येते. हा टर्नटेबल इंग्लंडमधून थेट भारतात चालतो, कारण दोन्हीकडची वीज ५० हर्ट्झची. अमेरिकेसाठी गॅरार्ड मोटरवरची पुली वेगळी द्यायची. हे मास्तरांनी मला मोठ्या आपुलकीनं सांगितलं. पण त्याच ५० हर्ट्झशी रविवारी त्यांचं दिवसभर भांडण होणार होतं.

नवा कार्ट्रिज म्हणजे डेनॉनचा डीएल-१०३. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेबरोबर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार झाला आणि अजूनही बनतो. या जातीच्या कार्ट्रिजमध्ये सुईबरोबर तारेचं बारीकसं वेटोळं हलतं आणि चुंबकाच्या शेजारी हलल्यामुळे त्यात वीज तयार होते. वेटोळं हलकं हवं, म्हणून वेढे थोडे. वेढे थोडे, म्हणून वीज अगदी थोडी.

"किती?" मी विचारलं.

"पॉइंट थ्री मिलिव्होल्ट," मास्तर म्हणाले. मग सुईचा वजनकाटा अडीच ग्रॅमवर आणता आणता पुन्हा म्हणाले, "पॉइंट थ्री. आणि भिंतीत दोनशेतीस व्होल्ट."

मी भागाकार केला. साडेसात लाख पटींहून जास्त. किशोरीताईंचा आवाज, तंबोरा, तबला, पेटी, सगळं त्या पॉइंट थ्रीमध्ये आहे आणि तीन फुटांवर साडेसात लाख पट मोठा आवाज भिंतीतून वाहतो आहे.

शिवाय एक जास्तीची अडचण आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावणारच नाहीत. वाजवताना प्रीॲम्पनं, म्हणजे मोठ्या ॲम्पच्या आधीच्या छोट्या ॲम्पनं, तो खर्ज परत वाढवायचा. किती वाढवायचा याचं प्रमाण १९५४मध्ये ठरलं. त्या हिशेबानं मधल्या स्वरांच्या तुलनेत ५० हर्ट्झला सुमारे सात पट वाढ मिळते. म्हणजे आपल्या विजेचा जो सूर, नेमका तोच हा प्रीॲम्प मोठ्या उत्सुकतेनं उचलतो.

रविवारी कार्ट्रिज बसला, सुई टेकायच्या आधी आवाज वाढवला आणि स्पीकरमधून घूं आलं.

"साहेब, आधी पंखा बंद करा," मास्तर म्हणाले.

पंख्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक. तो विजेची लाट मध्येच तोडतो आणि त्या तुटण्याचा कर्कश तुकडा वायरिंगमध्ये पसरतो. पंखा थांबल्यावर घूंमधली खरखर गेली, घूं राहिलं. मास्तरांनी मान तिरकी करून ऐकलं आणि स्वतः हलकेच गुणगुणून सूर जुळवला. "हा शंभरचा नाही, पन्नासचाच आहे. म्हणजे पॉवर सप्लाय ठीक आहे, बाहेरून येतोय." विजेची लाट डीसी करताना जी गुरगुर उरते ती दुप्पट, शंभर हर्ट्झची असते, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र पकडलं तर पन्नास. मीटर पिशवीतच होता, त्यांनी तो काढला नाही.

मग अर्थिंग. टोनआर्मची हिरवी तार सोडली, घूं वाढलं. परत लावली, कमी झालं. ॲम्प आणि प्रीॲम्प दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या प्लगमधून येत होतं, ते एका पट्टीवर घेतलं. आणखी कमी. पण गेलं नाही.

मग त्यांनी जे केलं ते पाहायला मी पुन्हा जाईन. कार्ट्रिज आणि प्रीॲम्पच्या मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो पॉइंट थ्रीचे तीन मिलिव्होल्ट करतो. मास्तरांनी तो शेल्फवरून उचलला, तारा जोडलेल्याच ठेवून तळहातावर घेतला आणि हवेत सावकाश फिरवायला लागले. डावीकडे वळवला, घूं चढलं. उजवीकडे, उतरलं. आडवा केला, पुन्हा चढलं. ओठ मिटलेले, नजर जमिनीकडे. ॲम्पमधल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून हा माणूस ती डबी फिरवत होता, आणि ते क्षेत्र कुठे दाट, कुठे विरळ हे कानांनी शोधत होता. एका तिरक्या कोनात घूं इतकं खाली गेलं की रस्त्यावरची रिक्षा ऐकू यायला लागली. हात तिथेच थांबला. "साहेब, पुस्तक द्या एक. पातळ नको." पुस्तक खाली सारलं, डबी त्या कोनात टेकवली. नंतर सुतार तेवढ्या कोनाचा लाकडी ठोकळा करून देणार आहे.

"पॉइंट थ्री," मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले. "त्याला शांत जागा दिली पाहिजे."

या नादात पैसा कुठे जातो ते मी काकांच्या कपाटात पाहिलं. बोटाएवढ्या जाड, रेशमी आवरणाच्या स्पीकर-वायरी, एका दुचाकीच्या किमतीच्या. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की यानं स्टेज रुंद होतं. मास्तरांनी त्या काढून घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लावली. तीन मीटरला जाऊन-येऊन तिचा रोध पाच शतांश ओहमपेक्षाही कमी. स्पीकर आठ ओहमचा. काकांना पटेना. मग मैत्रीण पडद्यामागे बसून वायरी बदलत राहिली आणि काका ओळखत राहिले. कधी बरोबर, कधी चूक, अंदाजानं सांगितलं असतं तरी तेवढंच आलं असतं. मास्तर या विषयावर एक शब्द बोलत नाहीत, पण मी बोलेन. सत्तरीच्या माणसाच्या गाण्याच्या ओढीवर कुणी असे पैसे काढावेत याचा मला राग येतो. तेवढ्या पैशात मास्तरांनी दोन ॲम्प बांधून दिले असते.

सगळ्यात मोठा फरक तर फुकटात पडला. हॉल सोळा फूट बाय बारा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, सगळ्यांच्या घरी असतो तसा. तिथे बसलं की डग्गा एखाद्या घुमेवर सगळी खोली भरून टाकायचा आणि पुढच्या बोलावर नाहीसा व्हायचा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते. सोळा फुटांत ती ३५ हर्ट्झला आणि त्याच्या दुप्पट, ७०ला फुगते, आणि भिंतीपाशी हा फुगवटा सर्वांत जास्त असतो. मास्तरांनी टेपनं चार फूट मोजून खडूची रेघ मारली. सोळाच्या पाव भागावर सत्तरचा फुगवटा जवळजवळ शून्य होतो. सोफा रेघेवर आला.

"आणि मी स्वयंपाकघरात जाऊ कुठून?" काकू म्हणाल्या.

"वहिनी, मागनं वाट आहे की. चार फूट."

"पाहुणे आले की सोफा भिंतीला जाणार."

"चालेल. रेघ पुसू नका फक्त."

मग आरसा. काका सोफ्यावर बसले, मैत्रिणीनं बाजूच्या भिंतीला आरसा टेकवून सरकवत नेला. काकांना आरशात स्पीकरचा ट्विटर दिसला तिथे खूण केली. आवाज तिथूनच परावर्तित होऊन कानात येतो आणि मूळ आवाजात मिसळून स्वरांची कड बुजवतो. त्या खुणेवर पुस्तकांचं कपाट आलं, दुसऱ्या बाजूला काकूंच्या आईनं शिवलेली जाड गोधडी टांगली. गोधडी भिंतीवर लावायला काकूंनी सुरुवातीला नकार दिला होता, आता येणाऱ्या प्रत्येकाला त्या टाके दाखवतात.

मास्तरांच्या बिलात कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग, वायर आणि मजुरी अशा चार ओळी होत्या. मजुरीचा आकडा वाचून मी काकांना म्हटलं, हे फार कमी आहे. काका म्हणाले, दरवेळी भांडतो, घेत नाहीत. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. असं काम करणारी माणसं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मास्तरांच्या हाताखाली कुणी शिकत नाही, कारण या मजुरीत तरुण मुलाचं घर चालणार नाही. काकांसारख्या रसिकांनी वायरींना मोजले तेवढे पैसे या हातांना मोजले असते, तर कदाचित नारायण पेठेतल्या त्या खोलीत दुसरं एखादं स्टूल असतं.

निघता निघता काकांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी काढली. त्यांच्या वडिलांच्या ७८च्या तबकड्या. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. मास्तर जमिनीवरच बसले. एक तबकडी दोन तळव्यांत कडेनं धरून उजेडाकडे तिरपी केली. "स्पिरिटनं पुसल्या नाहीत ना कधी?" लाखेच्या तबकड्या स्पिरिटनं विरघळतात. पुसल्या नव्हत्या. मग त्यांनी खिशातली वही काढली. या तबकड्यांची खाच रुंद, एलपीची सुई तळाशी घसरत राहील. सुई तीन मिलची लागेल, म्हणजे चौपट जाड. शिवाय या १९५४च्या आधीच्या, खर्ज किती कमी केलाय ते कंपनीगणिक वेगळं. म्हणून प्रीॲम्पला फिरवायचं बटण हवं, पाच-सहा जागांचं, प्रत्येक जागेला वेगळे कपॅसिटर. ते यादी लिहीत गेले आणि काका वाकून वाचत राहिले.

"तपकीर गल्लीत मिळेल सगळं?" काकांनी विचारलं.

"बटण नाही मिळणार. ते जुन्या बाजारात शोधायला लागेल, एखाद्या मोडक्या मीटरमधून."

मी विचारलं, मी आले तर चालेल का.

"बुधवारी या," मास्तर म्हणाले. "आणि चप्पल जाड घाला, तिथे खिळे फार असतात."