विमानाचा इंजिनिअर व्हायचे तर गणित सोडू नका
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊसनोंदीसाठी गटागटांतून फिरताना लागणीची तारीख, बेणे आणि खताची उचल ह्यांच्या जोडीला अलीकडे एक नवाच प्रश्न आमच्यापुढे येतो. "साहेब, पोरगी म्हणते रॉकेटचं इंजिनिअर व्हायचंय. त्याला काय शिकावं लागतं?" २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. आम्ही शेतकी पदविकेची माणसे. परंतु सभासदांच्या मुलांची वाट चुकू नये म्हणून माहिती जमवून येथे देत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर करू. विमान चालवतो तो पायलट. उड्डाणापूर्वी विमान तपासून सही करतो तो देखभाल इंजिनिअर; त्याला केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे लायसन्स लागते. विमान किंवा रॉकेट कसे असावे हे गणिताने ठरवतो, आराखडा करतो, तो एरोस्पेस इंजिनिअर. ह्या तीन वाटा वेगळ्या. एका वाटेची फी भरून दुसरीकडे पोचता येत नाही. आपण येथे तिसऱ्या वाटेविषयी बोलत आहोत. तिची पदवी चार वर्षांची असते. हवेचा दाब व प्रवाह, इंजिनाची ताकद, सांगाड्याची मजबुती आणि उड्डाणाचे नियंत्रण हे तिचे मुख्य विषय. चारही विषयांच्या मुळाशी गणितच आहे.

म्हणून खरा निर्णय बारावीनंतर नव्हे, दहावीनंतर होतो. अकरावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तीन विषय हवेतच. जीवशास्त्र जोडीला घेतले तर हरकत नाही. पण "डॉक्टरकीचं बघू" म्हणून पुष्कळ मुले गणित सोडतात आणि हा दरवाजा तिथेच बंद होतो. लागणीचा हंगाम चुकला तर पुढच्या हंगामाला लागण करता येते. इथे मात्र दोन वर्षे मागे जावे लागते.

बारावीनंतर मुख्य रस्ते असे :

(१) आय.आय.टी. : मुंबई, मद्रास, कानपूर व खरगपूर येथे ही पदवी आहे. त्यासाठी आधी जे.ई.ई. मेन ही परीक्षा. ती जानेवारी व एप्रिल अशी वर्षातून दोनदा होते आणि मराठीतूनही देता येते. तीत वर आलेल्या सुमारे अडीच लाख मुलांना जे.ई.ई. ॲडव्हान्स्डला बसता येते; तो पेपर मात्र इंग्रजी किंवा हिंदीत असतो. शिवाय बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के) किंवा बोर्डाच्या वरच्या २० टक्के मुलांत नंबर हवा.

(२) तिरुवनंतपुरमची अंतराळ विज्ञान संस्था : केंद्राच्या अंतराळ विभागाने २००७ साली काढली. तेथेही ॲडव्हान्स्डचाच क्रमांक धरतात, पण अर्ज वेगळा भरावा लागतो. हे न कळल्यामुळे संधी जाऊ देऊ नये.

(३) राज्यातील कॉलेजे : येथे एम.एच.टी.-सी.ई.टी. चालते. एकूण २०० गुण, त्यांपैकी १०० एकट्या गणिताचे. ह्यावरून काय ते समजावे.

(४) डिप्लोमा : दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केला तर राज्यातील कॉलेजांत पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आय.आय.टी.त अशी सोय नाही.

खर्चाची धास्ती घेऊ नका. आय.आय.टी.त घरचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ, एक ते पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ते पूर्ण माफ असते. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र धरून ठेवावा.

आता महत्त्वाचे. एरोस्पेसची जागा मिळाली नाही म्हणून हातपाय गाळू नयेत. इस्रोच्या इंजिनिअर भरतीत बहुतेक जागा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स व कॉम्प्युटरच्या असतात. चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल करून, पुढे गेट परीक्षा देऊन एम.टेक. एरोस्पेसमध्ये करता येते. त्यामुळे केवळ 'एरोस्पेस' हे नाव पाहून भरमसाट डोनेशन देण्यापेक्षा, कमी फीच्या चांगल्या कॉलेजातील मेकॅनिकल बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॉलेजला ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता आहे का, पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. पिशवीवरचे छापील नाव पाहून आपण खत घेतो का? आतला माल बघतोच ना!

हे क्षेत्र आपल्याला परके आहे असेही नाही. वालचंदनगरचा साखर कारखाना उभारणारे शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीच १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगलोरला देशातला पहिला विमान कारखाना काढला. त्याचाच वारस असलेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आज नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमाने बांधतो. वालचंदनगरच्या ज्या कंपनीने साखर कारखान्यांची यंत्रे बनवली, तिनेच इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची पोलादी कवचे बनवली आहेत. जाड पत्रा वाकवून निर्दोष वेल्डिंग करण्याचे कसब दोन्हीकडे लागते.

शेवटी कागदपत्रांविषयी. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमीलेअर व जात पडताळणी प्रमाणपत्र ही कामे मूल अकरावीत असतानाच हाती घ्यावीत. जुलैच्या घाईत तहसिलात रांग लावून जागा गेल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. परीक्षांच्या तारखा व नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या-त्या वर्षाचे माहितीपत्रक वाचूनच अर्ज भरावा.

ज्यांची मुले यंदा दहावीत आहेत त्या सभासदांनी एवढे तरी करावे : गणिताचे गुण कमी पडले म्हणून मुलाला, आणि मुलगी आहे म्हणून तिला, ह्या वाटेवरून मागे ओढू नये. शिकवणी लावा, अभ्यासाला वेळ द्या, तोडणीच्या दिवसांत शाळा बुडवू नका. पुढचे मुले बघतील.