आधी दाब, मग वेग

आपल्या घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्टचा विद्युतदाब असतो. मोबाइलच्या बॅटरीत असतो साधारण ३.७ व्होल्ट. आणि त्याच मोबाइलच्या आतला प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, जेमतेम एक व्होल्टच्या आसपास चालतो. गंमत अशी, की हा एक व्होल्टही स्थिर नसतो. तुम्ही व्हिडिओ लावलात की तो थोडा वाढतो, फोन बाजूला ठेवलात की थोडा उतरतो. दिवसभर हा चढउतार चाललेला असतो आणि तो करते एक आज्ञावली. ती कोणी तपासतं का, कशी तपासतं आणि तपासावी का लागते, याविषयी आज थोडं बोलू या.

मुळात दाब बदलायचा कशासाठी? प्रोसेसरचं काम एका घड्याळाच्या ठोक्यांवर चालतं. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. ठोके जितके जास्त, तितकी वीज जास्त. पण दाबाचा हिशेब याहून कडक आहे. वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. समजा दाब १.२ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर आणला. दाब पाव हिश्श्यानं उतरला, पण त्याच वेगाला लागणारी वीज ५६ टक्क्यांवर येते. वेगही निम्मा केला तर ती २८ टक्के उरते. यात फक्त ठोक्यांमागे खर्च होणारी वीज धरली आहे. तरीही बॅटरी दिवसभर पुरते, हात भाजत नाही, याचं मोठं श्रेय या हिशेबाला आहे.

मग दाब कायम कमीच का ठेवू नये? कारण दाब कमी झाला की चिपवरचे ट्रान्झिस्टर मंदावतात. पुढचा ठोका पडायच्या आत उत्तर तयार झालं नाही, तर अर्धवट उत्तरच पुढे जातं. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं तरी. पण कधी कधी ते बंद पडत नाही, शांतपणे चुकीचं गणित करत राहतं. उलट, दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला तर चिप तापते आणि आतून लवकर झिजते. तेव्हा प्रत्येक वेगाला त्याचा एक योग्य दाब असतो. चिप बनवणारे त्याची जोड्यांची यादी देतात. अमुक वेगाला अमुक दाब.

ही यादी वापरून दाब बदलणारी आज्ञावली ज्या ठिकाणी राहते, त्याला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे यंत्र आणि बाकीच्या सगळ्या आज्ञावल्या यांच्यामधला कारभारी. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानं लिनक्स नावाचा कर्नल लिहायला घेतला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तोच आहे. त्यात दाब सांभाळणारी सामाईक व्यवस्था २००८ साली आली. ती एडिंबराच्या वुल्फसन या चिप कंपनीतल्या अभियंत्यांनी लिहिली होती. या व्यवस्थेवर बसून एकेका चिपसाठी जो छोटा कोड लिहिला जातो, तो म्हणजे ड्रायव्हर.

कोणीही ड्रायव्हर लिहावा आणि तो कर्नलमध्ये जावा, असं होत नाही. आधी तो सर्वांसमोर मांडावा लागतो. त्या भागाची जबाबदारी सांभाळणारी माणसं आणि इतर जाणकार तो ओळीओळीनं वाचतात, शंका काढतात. लेखक दुरुस्त करून पुन्हा पाठवतो. पाच-सात फेऱ्या झाल्या तरी कोणाला नवल वाटत नाही.

आता ही तपासणारी माणसं नेमकं काय पाहतात?

सगळ्यात आधी क्रम. वेग वाढवायचा असेल तर आधी दाब वाढवायचा, मग वेग. वेग कमी करायचा असेल तर आधी वेग उतरवायचा, मग दाब. हा क्रम उलटला तर मधल्या काही क्षणांत प्रोसेसर जास्त वेगानं आणि कमी दाबावर पळतो. चूक घडते ती त्या फटीत.

दुसरी गोष्ट वेळ. दाब वाढव म्हटल्याबरोबर तो वाढत नाही. समजा दाब पुरवणारी चिप एका मायक्रोसेकंदात १० मिलिव्होल्ट चढते. तर १ व्होल्टवरून १.२ व्होल्टवर जायला तिला २० मायक्रोसेकंद लागतील. आपल्याला हे काहीच वाटणार नाही. पण दीड गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीस हजार ठोके पडतात. कोडमध्ये तेवढं थांबलेलं नसेल, तर क्रम कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात चुकलेला.

तिसरी गोष्ट मापाची. कर्नल दाब मायक्रोव्होल्टमध्ये मोजतो. १.१ व्होल्ट म्हणजे ११ लाख मायक्रोव्होल्ट. चिपच्या माहितीपुस्तिकेत मात्र आकडा मिलिव्होल्टमध्ये असू शकतो, ११००. तो तसाच उतरवला की घोटाळा. शिवाय दाब जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढतो. पायऱ्या २५ मिलिव्होल्टच्या असतील, ११०० नंतर थेट ११२५ असेल आणि कोडनं बरोबर १११० मागितले, तर कर्नल नकार देतो. म्हणून एकच आकडा न मागता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं मागायचं असतं. त्यातून दुसरीही सोय होते. एकाच वाहिनीवर दोन-तीन भाग जोडलेले असतील, तर सर्वांना चालेल असा दाब निवडता येतो. या मागण्यांवर अखेर त्या यंत्राच्या बोर्डासाठी ठरवून दिलेली कमाल आणि किमान मर्यादा असते. तपासणारा ती मर्यादाही वाचतो, कारण तीच चुकली तर मागे कोणी उभं नाही.

चौथी गोष्ट जागेची. दाब पुरवणारी चिप बहुधा प्रोसेसरपासून वेगळी असते. तिला निरोप जातो तो दोन तारांच्या एका साध्या वाटेनं. ही पद्धत फिलिप्स कंपनीनं १९८२ साली काढली. या वाटेवर सेकंदाला चार लाख बिट जात असले, तरी एका निरोपाला ७० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. तोवर कोडला वाट पाहावी लागते. कर्नलमध्ये काही जागा अशा आहेत, की तिथे वाट पाहायला, झोपायला सक्त मनाई आहे. अशा जागेवरून दाबाची मागणी केली तर सगळं यंत्र अडकून पडू शकतं.

हे काम करणारा माझा एक भाचा आहे. त्याला मी विचारलं, सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो? तो म्हणाला, “मामू, सगळं नीट झालं तर काय होईल, हे कोणीही वाचतं. मधेच बिनसलं तर काय होईल, त्या ओळी वाचायला वेळ लागतो.” दाब वाढवायची मागणी फसली आणि तरीही कोडनं वेग वाढवला तर? दाब वाढला, पण वेग बदलणं फसलं, तर दाब परत जागेवर आणला का? टेबलावरच्या चाचणीत हे प्रसंग सहसा येत नाहीत. ते येतात हजारो माणसांच्या हातात.

आमच्याकडे शायरीत इस्लाहची प्रथा आहे. शागीर्द गझल घेऊन उस्तादाकडे जातो, उस्ताद वजन पाहतो, शब्द बदलतो. पण तिथे मात्रा चुकली तर कानाला लगेच खटकते. दाबाच्या कोडमधली चूक ऐकू येत नाही. म्हणून ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

चूक कुठवर जाते, याची दोन उदाहरणं सांगतो. ती लिनक्सच्या ड्रायव्हरमधली नाहीत, पण प्रश्न तोच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. इंटेलच्या काही प्रोसेसरमध्ये एक कुलूपबंद कप्पा असतो. यंत्राचा पूर्ण ताबा असलेल्यालाही त्यातलं गुपित दिसू नये, अशी त्याची रचना. या संशोधकांनी फक्त आज्ञावलीनं दाब किंचित उतरवला, कप्प्यातली गणितं चुकवली आणि चुकलेल्या उत्तरांवरून गुप्त किल्ली शोधून काढली. इंटेलला दाब बदलायची ती वाट बंद करण्याची सोय द्यावी लागली. तेव्हापासून ‘दाब किती’ याबरोबर ‘दाब कोणाच्या हातात’ हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा झाला.

दुसरं उदाहरण २०२४ चं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अचानक अस्थिर होऊ लागले. चिपच्या आतल्या सूक्ष्म आज्ञावलीकडून चुकीच्या, जास्त दाबाच्या मागण्या जात होत्या, असं कंपनीनं जुलैमध्ये सांगितलं आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली. पण जे प्रोसेसर तोवर झिजले होते, ते त्या दुरुस्तीनं सुधारण्यासारखे नव्हते. कंपनीनं हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. आज्ञावलीतली ओळ पुन्हा लिहिता येते, झिजलेली चिप पुन्हा घडवता येत नाही.

लिनक्समध्ये कोड तपासणारा माणूस शेवटी खाली एक ओळ लिहितो, ‘रिव्ह्यूड-बाय’, आणि पुढे आपलं नाव. या ओळीचा अर्थ नियमांत लिहून ठेवलेला आहे. मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला आहे, माझ्या शंका मी लेखकाला कळवल्या आहेत, हा बदल उपयोगी आहे आणि माझ्या माहितीत त्याला आडवा येईल असा दोष त्यात उरलेला नाही. त्याच नियमांत असंही म्हटलं आहे, की तो प्रत्येक परिस्थितीत बरोबर चालेल याची हमी मी देत नाही.

मला या दोन्ही गोष्टी एकत्र असणं फार प्रामाणिक वाटतं. हमी कोणीच देऊ शकत नाही. पण आपण वाचलं, विचारलं आणि त्याखाली स्वतःचं नाव घातलं, एवढं सांगता येतं. आपल्या खिशातला फोन दिवसभर जो एक व्होल्ट वरखाली करत असतो, त्याच्या मागे अशा माणसांची नावं आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपण कधी भेटणार नाही. त्यांनी वेळेवर विचारलेल्या एखाद्या प्रश्नामुळे आपला हिशेब मात्र बरोबर येत असतो.