कराटे शिकू लागलेल्या मुलामुलींचा खुराक आणि मेहनत



या पत्रिकेत शेतकी खात्याकडून बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचायची आपल्याला सवय आहे. या खेपेला विषय थोडा निराळा आहे. लागणीच्या नोंदी घेताना बांधावर किंवा गट ऑफिसात उसाचे बोलणे संपले, की कोणी ना कोणी सभासद हळूच विचारतो, "साहेब, पोराला कराटेच्या क्लासला घातलंय. त्याला खायला काय घालू? तो डब्यातली पावडर मागतोय." कोणी म्हणतो, "पोरगी दमून येते आन तशीच झोपते, हे बरं का?" हल्ली तालुक्याला तर क्लास आहेतच, मोठ्या गावांतूनही निघाले आहेत. कित्येक सरकारी शाळांतून मुलींना स्वसंरक्षणासाठी हेच धडे देतात. तेव्हा एकेकट्याला उत्तर देण्यापेक्षा सर्वांसाठी लिहावे असे आम्ही ठरविले.

आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकीचा डिप्लोमा केलेली माणसे आहोत. म्हणून पुढे जे आकडे दिले आहेत ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि आरोग्य खात्यांनी प्रसिद्ध केलेले आहेत. आमचे स्वतःचे सांगणे एकच आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे पहिले काम वाढणे हे आहे, कराटे दुसरे. वाढीला पुरून उरेल एवढे अन्न पोटात गेले तरच मेहनत अंगी लागते.

कराटे म्हणजे काय

ही विद्या जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावरची. गिचिन फुनाकोशी या शिक्षकाने १९२२ साली तिचे प्रात्यक्षिक टोकियोत दाखविले आणि पुढे ती जगभर पसरली. नवशिक्याला पांढरा पट्टा मिळतो. पहिले काही महिने उभे राहण्याच्या पद्धती, ठोसा, लाथ आणि अडवण एवढेच पुन्हा पुन्हा गिरवायचे असते. फळ्या-कौले फोडणे हा या वयाचा धडाच नव्हे. सांगायचा मुद्दा हा, की नवशिक्याची मेहनत काही पैलवानाची मेहनत नसते. तालमीत दिवसाला दोन वेळा घाम गाळणाऱ्या मल्लाचा बदाम-तुपाचा खुराक आठवड्यातून तीन दिवस तासभर क्लास करणाऱ्या पोराला लागत नाही.

किती खावे

पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २,८६० कॅलरी व ४५ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि त्याच वयाच्या मुलीला २,४०० कॅलरी व ४३ ग्रॅम प्रथिने. प्रथिने म्हणजे ज्यातून मांस, रक्त व हाडाचा सांगाडा घडतो तो माल. ४५ ग्रॅम ऐकून बिचकू नये. घरचाच हिशेब मांडून पाहू.

पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी म्हणजे ५ ग्रॅम प्रथिने. अशा दिवसभरात चार भाकऱ्या झाल्या की २० ग्रॅम. तीस ग्रॅम तूरडाळीचे वरण ६ ग्रॅम. चाळीस ग्रॅम मटकीची उसळ ८ ग्रॅम. दोन कप दूध १२ ग्रॅम. एक मूठ शेंगदाणे ७ ग्रॅम. बेरीज ५३ ग्रॅम. यात अंडे अजून धरलेलेच नाही. एका अंड्याचे आणखी ६ ग्रॅम होतात. म्हणजे जे पाहिजे ते आपल्या घरात आहे. अडचण एवढीच, की गोठ्यातले सगळे दूध डेअरीला जाते आणि पोराच्या वाट्याला चहा येतो. दोन कप दूध घरात ठेवा, हे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

हाडांसाठी या वयात दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. ते दूध-ताकातून येते आणि नाचणीतूनही येते. आठवड्यातून दोन-तीन वेळा नाचणीची भाकरी किंवा आंबील करावी. जोडीला पालेभाजी आणि हंगामाचे फळ असावे. पेरू आणि केळे यांना कुठले महागडे फळ हरवीत नाही.

डब्यातली पावडर

एका सभासदाने आम्हाला असा डबा दाखविला. किंमत ऐकून आम्हाला युरियाची पोती आठवली. पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शिका काढली, तीत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळावी असे साफ सांगितले आहे. उसाला गरजेपेक्षा जास्त नत्र दिले तर तो माजतो आणि लोळतो, पण साखर वाढत नाही. तसेच इथेही आहे. गरजेपेक्षा जास्त प्रथिने खाऊन दंड फुगत नाहीत. त्याच पैशात वर्षाची अंडी व शेंगदाणे येतील.

टपरीवर मिळणाऱ्या तरतरी आणणाऱ्या बाटल्यांचेही तेच. त्यांत कॅफीन असते आणि 'मुलांसाठी नाही' अशी सूचना बारीक अक्षरात बाटलीवरच छापलेली असते. ती वाचून बघावी.

साखरेविषयी

आपण साखर पिकविणारी माणसे, तरी खरे ते सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर, गूळ, मध मिळून दिवसाच्या कॅलरीत दहा टक्क्यांहून कमी असावी. गूळ चांगला म्हणून ढीगभर खाऊ नये, गूळही साखरच. मात्र क्लासला जाण्याआधी शेंगदाणे-गुळाचा एक लाडू हा उत्तम ताव आहे. रंगीत थंड पेयाची बाटली मात्र नको.

केव्हा खावे

पुष्कळ मुलांचे असे होते, की सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी शाळेत थोडे, आणि संध्याकाळी पाचला उपाशीपोटी क्लास. मग चक्कर येते आणि मास्तर म्हणतात, पोरगा कच्चा आहे. पोरगा कच्चा नसतो, उपाशी असतो. सकाळी भाकरी किंवा पोहे व दूध देऊन शाळेत धाडावे. क्लासच्या दीड-दोन तास आधी केळे, लाडू किंवा अर्धी भाकरी असे हलके द्यावे. घरी आल्यावर तासाभरात पोटभर जेवण व्हावे. दमून तसेच झोपू देऊ नये. झोप या वयात आठ ते दहा तास लागते. मोबाईल उशाला असेल तर ती होत नाही.

पाणी क्लासआधी ग्लासभर आणि मेहनत चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट प्यावे. उन्हाळ्यात ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी चालेल. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते असे समजावे.

मुलींकडे विशेष लक्ष

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या शंभरपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलगे ३१ होते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, मुलाला २२. आणि आपल्या घरात जेवायला शेवटी कोण बसते ते आपणास ठाऊक आहे. मुलगी लवकर धापा टाकत असेल, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. माती परीक्षणाशिवाय खत देऊ नका असे आम्ही नेहमी सांगतो, तेच इथे. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आणि जंताची गोळी चुकवू नये. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळले तर जास्त लागते. पाळीच्या दिवसांत बरे वाटत असेल तर मुलीने क्लास करायला हरकत नाही.

घरची मेहनत

क्लास नसेल त्या दिवसांपैकी दोन दिवस घरी अर्धा तास पुरे. एक दिवस पूर्ण विश्रांती ठेवावी. आमचा नमुना असा:

१. पाच ते दहा मिनिटे हळू पळणे, सांधे फिरवून अंग मोकळे करणे.
२. सूर्यनमस्कार सहा. महिन्या-दीड महिन्यात हळूहळू बारा.
३. बैठका दहा-दहा दोन वेळा, जोर पाच-पाच दोन वेळा.
४. दोरीवरच्या उड्या एक मिनिट, मग विसावा. असे तीनदा.
५. घोड्यावर बसल्यासारखे उभे राहणे, ज्याला क्लासमध्ये किबा-दाची म्हणतात. वीस सेकंद, तीनदा.
६. अंग गरम असतानाच मांड्या, पोटऱ्या, कंबर सावकाश ताणणे. झटके देऊ नयेत, पाठीवर कोणाला बसवून पाय फाकवू नयेत.

एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवावी, तीही थोडी. बाळबांधणी झाल्याशिवाय कोणी मोठी बांधणी करीत नाही. जोर-बैठकांनी उंची खुंटते ही समजूत खरी नाही, मात्र पद्धत बरोबर हवी. दोन-तीन दिवस अंग दुखणे साहजिक आहे. पण सांधा सुजला, गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा दुखू लागला किंवा दुखण्याने रात्री जाग येऊ लागली तर मेहनत थांबवून डॉक्टरांना दाखवावे. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखे झाले तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, थेट दवाखाना गाठावा.

वजन उतरवणे

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहिला ती. स्पर्धा वजनगटांवर असतात. वर्षभरसुद्धा न झालेल्या पोरांना "दोन किलो उतरव, खालच्या गटात सहज पदक मिळेल" असे सांगणारे लोक भेटतात. मग पोरगा जेवण सोडतो, दोन दिवस पाणी तोडतो, उन्हात स्वेटर घालून पळतो. आईला वाटते, पोराला ध्यास लागलाय.

हा खेळ नव्हे, धोका आहे. अमेरिकेत १९९७ साली सव्वा महिन्याच्या आत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असेच घाम काढून वजन उतरवताना दगावले. ते मोठे, तयारीचे खेळाडू होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट यांचे वजन ५० किलोच्या गटात सुमारे १०० ग्रॅम जास्त भरले व त्या अपात्र ठरल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. रात्रभराच्या खटाटोपानंतर अंगातले पाणी कमी होऊन त्यांना उपचार घ्यावे लागले. पाठीशी डॉक्टर असलेल्या खेळाडूची ही गत, तर आपल्या चौदा वर्षांच्या पोराचे काय? या वयात वजन वाढायचेच असते. भर फुटव्यात पाणी तोडलेला प्लॉट पुढे कितीही पाणी पाजले तरी भरून येत नाही, हे सभासदांना आम्ही काय सांगावे?

म्हणून मुलगा-मुलगी क्लासला जात असेल तर दर महिन्याला एकदा वजन व उंची वहीत लिहावी. वजन घटत असेल तर विचारपूस करावी. क्लासच्या शिक्षकांना आई-वडिलांनी स्वतः जाऊन भेटावे आणि सांगावे, आमचे मूल ज्या गटात बसेल त्याच गटात खेळेल. चांगला शिक्षक याचा राग धरणार नाही.

कराटेने अंग चपळ होते, शिस्त लागते, मुलीच्या मनातली भीती जाते. तेव्हा मुलांना जरूर पाठवा. फक्त पाठविण्याआधी त्यांच्या ताटात काय आहे ते एकदा बघा, ही सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते