पडद्यावर आजारी कोण दिसले?

२६ सप्टेंबर १९६०. शिकागोतील सीबीएस वाहिनीच्या स्टुडिओसमोर गाडी थांबली आणि उतरता उतरता अमेरिकेचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा गुडघा गाडीवर आपटला. तोही नेमका दुखरा गुडघा. ऑगस्टमध्ये प्रचाराच्या धावपळीत तो असाच गाडीच्या दारावर आपटला होता. दुखापतीत जिवाणूंचा संसर्ग झाला आणि ऐन प्रचारात त्यांना सुमारे दोन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. वजन घटले, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली. त्याच दिवशी सकाळी सुतारकाम करणाऱ्यांच्या संघटनेपुढे त्यांचे भाषणही झाले होते. आता संध्याकाळी त्यांच्यासमोर होते ४३ वर्षांचे सिनेटर जॉन केनेडी, आणि दोघांसमोर होते टीव्हीचे कॅमेरे. अध्यक्षपदाच्या उमेदवारांमधली अमेरिकेतली ही पहिली दूरचित्रवाणी चर्चा.

सुमारे सात कोटी लोकांनी ती पाहिली. पडद्यावर त्यांना दिसले ते असे. केनेडी गडद सूट घातलेले, उन्हात रापलेले, थेट कॅमेऱ्यात पाहून बोलणारे. निक्सन करड्या सुटात, मागच्या फिकट भिंतीत जणू मिसळून गेलेले. डोळे खोल गेलेले, नजर इकडेतिकडे जाणारी, हनुवटीवर घामाचे थेंब. पाहणाऱ्याला शंका उरू नये, असे ते चित्र होते. एक माणूस ठणठणीत, दुसरा आजारी.

वैद्यकीयदृष्ट्या वस्तुस्थिती मात्र जवळजवळ उलटी होती.

रापलेल्या त्वचेआड

निक्सन यांचे दुखणे तात्पुरते होते. गुडघा बरा होणार होता, वजन भरून येणार होते. केनेडी यांना मात्र १९४७ मध्येच ॲडिसन आजाराचे निदान झाले होते. या आजारात मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी पुरेसे कॉर्टिसोल तयार करू शकत नाहीत. रक्तदाब, रक्तातील साखर आणि शारीरिक ताण झेलण्याची शरीराची ताकद या संप्रेरकावर अवलंबून असते. ते बाहेरून औषधाच्या रूपात नियमित घ्यावे लागते. त्यात खंड पडला, तर जिवावर बेतू शकते. केनेडी यांच्या पाठीवरही १९५४ आणि १९५५ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ते अक्षरशः मरणाच्या दारातून परत आले होते.

या आजाराचे एक लक्षण म्हणजे त्वचा काळवंडणे. कॉर्टिसोल कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला जागे करण्यासाठी जादा संप्रेरक सोडते आणि त्या संप्रेरकाचा परिणाम त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींवरही होतो. केनेडी यांचा तो रापलेला रंग उन्हातल्या प्रचाराचा किती आणि आजाराचा किती, हे पडदा पाहून कोणालाच ठरवता आले नसते. प्रेक्षकांच्या दृष्टीने तो तंदुरुस्तीचा रंग होता. निवडणुकीआधी या आजाराची कुजबुज झाली, तेव्हा प्रचारयंत्रणेने ती फेटाळून लावली. त्यांच्या वैद्यकीय नोंदी इतिहासकारांसमोर सविस्तर आल्या त्या २००२ मध्ये.

निक्सन यांच्या चेहऱ्यावरच्या खुणांचाही अर्थ लोकांनी लावला तेवढा खोल नव्हता. त्यांची त्वचा गोरी आणि दाढीचे केस काळे. संध्याकाळपर्यंत खुंट दिसू लागत. त्या काळच्या कृष्णधवल कॅमेऱ्यांत ती सावली आणखी गडद उमटे. त्यांनी रीतसर रंगभूषा नाकारली आणि खुंट झाकण्यापुरती एक पावडर थापली. स्टुडिओतले दिवे प्रखर होते. उष्णता वाढली की घाम येणे हे निरोगी शरीराचे कामच आहे. पण पावडरीवर आलेला घाम कॅमेऱ्यात चकाकतो आणि घामाचा अर्थ पाहणारे ‘घाबरला’ असाच लावतात. नजरेचेही तसेच. पत्रकारांनी प्रश्न विचारला की निक्सन त्यांच्याकडे पाहून उत्तर देत. प्रत्यक्ष संभाषणात हीच रीत आहे. पडद्यावर मात्र ते नजर चुकवल्यासारखे दिसले.

रेडिओवर वेगळा निकाल?

या चर्चेविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असे वाटले, तर रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. गोष्ट आकर्षक असली, तरी तिचा पाया कच्चा आहे. तिचा मुख्य आधार असलेल्या पाहणीत रेडिओ श्रोत्यांची संख्या थोडी होती. शिवाय रेडिओ ऐकणारे मुळातच वेगळ्या भागांतले, वेगळ्या राजकीय कलाचे असू शकतात, ही अडचण संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिली. १९६० पर्यंत अमेरिकेतल्या दर दहा घरांपैकी जवळपास नऊ घरांत टीव्ही पोहोचला होता. जे उरले, ते सरासरी मतदार नव्हते.

मग चित्राचा परिणाम खरेच होतो का? राज्यशास्त्रज्ञ जेम्स ड्रकमन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचे उत्तर शोधले. ज्यांना या चर्चेची काहीच माहिती नव्हती अशा लोकांपैकी काहींना तिचे चित्रण दाखवले, तर काहींना नुसता आवाज ऐकवला. चित्रण पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असे वाटण्याची शक्यता जास्त होती आणि मत बनवताना त्यांनी उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाला अधिक वजन दिले. पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली. पाहणाऱ्यांना चर्चेतले मुद्देही नुसत्या ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिले. म्हणजे चित्र फक्त फसवते असे नाही, ते शिकवतेही. अडचण एवढीच की ही दोन्ही कामे ते एकाच वेळी करते.

एका सेकंदाचा कौल

चेहऱ्यावरून मत बनवायला मेंदूला फार वेळ लागत नाही. अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी सिनेट निवडणुकीतल्या विजेत्याची आणि त्याच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याची छायाचित्रे लोकांना दाखवून विचारले, ‘यांतला अधिक सक्षम कोण वाटतो?’ पाहणाऱ्यांना उमेदवार ओळखीचे नव्हते. तरीही सुमारे ७० टक्के लढतींत ‘सक्षम’ वाटलेला चेहराच प्रत्यक्षात निवडून आलेला होता. छायाचित्र केवळ एक सेकंद दाखवले, तरी अंदाज योगायोगापेक्षा सरस ठरत होते.

२००९ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी हाच खेळ लहान मुलांसोबत खेळला. ५ ते १३ वर्षांच्या मुलांना फ्रान्समधील उमेदवारांच्या छायाचित्रांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारले, ‘तुझ्या जहाजाचा कप्तान कोण व्हावा?’ मुलांनी निवडलेले कप्तान बहुतेक वेळा प्रत्यक्ष निवडणुकीतले विजेते निघाले. मोठ्यांच्या आणि मुलांच्या कौलात फारसा फरक नव्हता.

याचा अर्थ चेहऱ्यात कर्तृत्व दिसते असा नाही. सगळ्यांचे पूर्वग्रह सारखे असतात, एवढाच आहे. रुंद जबडा, स्थिर नजर, आत्मविश्वासाची ठेवण या गोष्टींना आपण नकळत ‘कर्तबगार’ अशी चिठ्ठी लावतो. २०११ मधील एका अमेरिकी अभ्यासानुसार दिसण्याचा हा प्रभाव सर्वाधिक पडतो तो राजकारणाची माहिती कमी असलेल्या, पण टीव्ही भरपूर पाहणाऱ्या मतदारांवर. उमेदवाराविषयी आधीच माहिती असेल, तर चेहऱ्याची पकड सैल होते.

घड्याळ, उसासे आणि पेन

१९६० नंतर सोळा वर्षे अमेरिकेत अशी चर्चा झालीच नाही. १९७६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तोवर सर्वांनी धडा घेतला होता. दिवे, पार्श्वभूमी, उभे राहण्याच्या मेजाची उंची यांवर वाटाघाटी होऊ लागल्या. तरीही शरीर कुठेतरी बोलून जातेच. १९९२ मध्ये नागरिकांच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात जॉर्ज बुश यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. त्या एका क्षणाने ‘यांना लोकांच्या प्रश्नांचा कंटाळा आला आहे’ अशी प्रतिमा उभी केली. २००० मध्ये प्रतिस्पर्धी बोलत असताना अल गोर यांनी सोडलेले उसासे माइकने टिपले आणि नंतर बातम्यांतून ते पुन्हा पुन्हा ऐकवले गेले. प्रयोगांतही असेच दिसते. समोरचा बोलत असताना मान हलवून, तोंड वाकडे करून नापसंती दाखवणाऱ्याची विश्वासार्हता वाढण्याऐवजी घटते.

पण शरीराची प्रत्येक खूण मनाची असतेच असे नाही. १९९६ चे उमेदवार बॉब डोल यांच्या उजव्या मुठीत नेहमी पेन असे. ती लकब नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये इटलीच्या आघाडीवर झालेल्या जखमांनी त्यांचा उजवा हात निकामी झाला होता. बोटांना आकार राहावा आणि कोणी हस्तांदोलनासाठी तो हात धरू नये, म्हणून ते पेन होते. हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाने त्याचा अर्थ ताठरपणा असा लावला असेल, तर दोष डोल यांच्या देहबोलीचा नव्हता.

‘तज्ज्ञ’ काय सांगतात आणि विज्ञान काय सांगते

देहबोलीच्या वर्गांत एक आकडा हमखास ऐकवला जातो. संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून हे आकडे आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून बोलणाऱ्याच्या भावना ओळखायला सांगितले होते. आवड-नावड व्यक्त करताना शब्द आणि सूर यांत विसंगती असेल, तेवढ्यापुरताच हा निष्कर्ष आहे. त्याचा सर्व प्रकारच्या संवादाशी संबंध नाही, हे स्वतः मेहराबियन यांनीच स्पष्ट केले. अर्थसंकल्पावरच्या उत्तराचा ९३ टक्के अर्थ हातवाऱ्यांत नसतो.

खोटे पकडण्याचेही तसेच. २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसांची अचूकता सरासरी ५४ टक्के भरली. नाणे उडवून ठरवले, तर ५०. खोटे बोलणारा नजर चुकवतो हा समज जगभर आढळतो, पण नजर हा खोटेपणाचा भरवशाचा पुरावा नाही. आपल्याकडे तर वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा मान समजला जातो.

आरोग्याच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात. माणूस भावनाशून्य वाटतो, पण आत भावना जिवंत असतात. तोतरेपणात शब्द अडतो, विचार नाही. चेहऱ्याच्या पक्षाघातानंतर हसू एका बाजूला कलते. नोकरीच्या मुलाखतीत, न्यायालयात किंवा साध्या दुकानात या लोकांना ‘उद्धट’, ‘गोंधळलेला’, ‘काहीतरी लपवणारा’ अशी नावे मिळतात. टीव्हीसमोर बसून लावलेली सवय घराबाहेरही सोबत येते.

म्हणूनच अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ पासून एक नियम पाळला आहे. प्रत्यक्ष तपासणी आणि संमती नसताना सार्वजनिक व्यक्तीच्या मानसिक स्थितीचे निदान जाहीरपणे करायचे नाही. २७ जून २०२४ रोजी अटलांटातील चर्चेत अध्यक्ष जो बायडन यांचा आवाज बसलेला होता, वाक्ये मध्येच तुटत होती. ते लहानपणापासून तोतरेपणाशी झुंजत आले आहेत आणि त्या दिवशी त्यांना सर्दी झाल्याचेही सांगण्यात आले. २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. पदासाठी उमेदवार पेलवेल का, हा प्रश्न विचारण्याचा मतदारांना पूर्ण हक्क आहे. पण प्रश्न पडणे वेगळे आणि दिवाणखान्यात बसून निदान करणे वेगळे. प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय अहवाल, कामाची नोंद आणि अनेक दिवसांचे निरीक्षण यांतून मिळते. नव्वद मिनिटांतून नाही.

पाहताना काय करावे?

राजकीय चर्चा पाहताना एक साधा प्रयोग करता येतो. काही मिनिटे पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे, मग काही मिनिटे आवाज बंद करून नुसते पाहावे. दोन्ही वेळा मनात उमटलेले मत एकसारखे आहे का, ते ताडून बघावे. फरक मोठा असेल, तर तिथे थांबून विचार करायला हवा. उमेदवाराने प्रश्नाला उत्तर दिले का, आकडा सांगितला का, तो खरा आहे का, हे कागदावर टिपावे. रात्री मत बनवण्याऐवजी सकाळी वृत्तपत्रातला तपशील वाचून बनवावे.

१९७६ च्या पहिल्याच चर्चेत, फिलाडेल्फियात, अचानक ध्वनियंत्रणा बंद पडली. जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर आपापल्या मेजामागे उभे होते. खाली बसलो तर थकलेले दिसू, समोरच्याशी बोललो तर काय अर्थ निघेल, या धास्तीने दोघेही जवळजवळ न हलता तसेच उभे राहिले, तब्बल २७ मिनिटे. एकही शब्द नाही, फक्त दोन माणसांचे चित्र. त्या २७ मिनिटांत देशाला दोघांविषयी काहीही नवे कळले नाही.